मंडारिनचं वाटोळं नक्की कुठं झालं?

प्रश्न असा आलाय: ‘सर, मी आयर्न मॅनची जुनी कॉमिक्स शोधून शोधून वाचली. मंडारिन म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा वैरी. आणि तिसऱ्या सिनेमात त्याचा पार विदूषक केला. हे पटकथावाले मूळ कॉमिक वाचतच नाहीत काय? आम्ही वाचणाऱ्यांनी त्यांचं काय घोडं मारलंय? आणि आता डॉक्टर डूमचंही असंच मातेरं होणार काय?’ विचारणारा आपल्या कोल्हापुरातलाच, चित्रकला शिकणारा पोरगा आहे. मी पटकथा लिहितो, स्टोरीबोर्ड म्हणजे प्रसंगांची आधी काढायची चित्रं काढतो, आणि जुनी कॉमिक्स माझ्याही माळ्यावर आहेत. त्यामुळं या भांडणात मला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. उत्तर लांबणार आहे.

भावा, पहिली गोष्ट, ते वाचतात. चांगले वाचतात. ‘आयर्न मॅन ३’ आला २०१३ मध्ये. त्यातलं एक्स्ट्रिमिस, माणसाच्या अंगातून आग काढणारं ते तंत्र, थेट कॉमिकमधून उचललंय. वॉरेन एलिसनं लिहिलेली आणि आदी ग्रानोव्हनं रंगवलेली सहा अंकांची कथा, २००५-०६ मधली. सिनेमातला खरा खलनायक ऑल्ड्रिच किलियन, ती शास्त्रज्ञ माया हॅन्सन, दोघंही त्याच कथेतले. गंमत अशी, की कॉमिकमधला किलियन पहिल्याच अंकात स्वतःचा जीव घेतो. अंक उघडला, माणूस गेला, विषय संपला. त्या चार घटकेच्या माणसाला उचलून सिनेमाचा मुख्य वैरी करायचा, हे न वाचणाऱ्याला सुचणार नाही. तेव्हा ‘वाचत नाहीत’ हा आरोप मागं घे. वाचून असं का केलं, असं विचार. ते जास्त अवघड आहे.

दुसरी गोष्ट, तुला बदलाचा राग आलेला नाही. तुला वाटतंय तसं, पण नाही. आयर्न मॅनचा, म्हणजे टोनी स्टार्कचा, जन्म १९६३ च्या मार्चचा, ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ३९ व्या अंकातला. त्यात तो जखमी होतो व्हिएतनाममध्ये. २००८ च्या पहिल्या सिनेमात तोच प्रसंग अफगाणिस्तानात गेला. देश बदलला, युद्ध बदललं, त्याला पकडणारी माणसं बदलली. तू ओरडलास? मीही नाही. छातीत घुसलेले लोखंडाचे तुकडे तेच राहिले, सोबतीला तो यिन्सन राहिला, कैदेत बसून भंगारातून चिलखत ठोकणं राहिलं. आपल्याला जे हवं होतं ते जागेवर होतं, म्हणून नकाशा बदललेला कुणाच्या ध्यानातही राहिला नाही. तीच गत थॅनोस या दुसऱ्या खलनायकाची. कॉमिकमध्ये तो बाईच्या रूपातल्या साक्षात मृत्यूच्या प्रेमात पडलेला, तिला खूश करायला अर्धं विश्व पुसणारा. सिनेमात ते प्रेमप्रकरण गायब आणि तोंडी लोकसंख्येचं गणित. एवढा मोठा बदल, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मंडारिनच्या वेळीच का भडका उडाला?

मूळ मंडारिन कसा होता ते आठव. १९६४ च्या फेब्रुवारीचा अंक, ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’चा ५० वा. लेखन स्टॅन लीचं, चित्रं डॉन हेकची. चेंगीझ खानाचा वंशज, चिनी बाप, इंग्रज आई. एका दरीत पडलेल्या परग्रहावरच्या यानात त्याला दहा अंगठ्या सापडतात, दहा बोटांत दहा, प्रत्येकीची ताकद वेगळी. एकीतून बर्फ, एकीतून आग, एकीनं समोरची वस्तू विरघळून जाते. इथपर्यंत झकास. पण ते पान चित्रकाराच्या नजरेनं बघ. लांब नखं, ओघळणाऱ्या मिशा, झगा, तिरके डोळे. अमेरिकेत त्याआधी कित्येक दशकं चिनी माणसाचं जे बुजगावणं रंगवलं जात होतं, तेच इथं शीतयुद्धाचे कपडे घालून आलंय. तू ते वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी वाचलंस, तुला अंगठ्या दिसल्या. मलाही तेव्हा अंगठ्याच दिसल्या होत्या. पण २०१३ साली जगभर, चीनमध्येसुद्धा, तिकिटं विकणाऱ्या स्टुडिओला तो झगा आणि त्या मिशा जशाच्या तशा पडद्यावर आणणं शक्य नव्हतं. नुसत्या धंद्याचा प्रश्न नाही हा. ते आणायला नकोच होतं, असं माझं सरळ मत आहे.

म्हणजे बदलणं भाग होतं. कसं बदललं, ते बघू.

सिनेमाच्या पहिल्या भागात मंडारिन टीव्हीवरून येतो. बेन किंग्जले, ज्यानं पडद्यावर गांधीजी उभे केले तो नट. आवाज खोल, शब्द तोलून मापून. एका तेल कंपनीच्या हिशेबनिसाला गुडघ्यावर बसवून राष्ट्राध्यक्षाला थेट प्रक्षेपणात धमकावतो. थिएटरात श्वास अडकतो. मग टोनी घरगुती सामानातून बनवलेली हत्यारं घेऊन मायामीतल्या त्याच्या वाड्यात शिरतो. आणि आतून संडासात पाणी सोडल्याचा आवाज येतो. दार उघडून हा ‘महाभयंकर’ माणूस बाहेर येतो, आत इतक्यात जाऊ नका असं सांगतो, आणि कळतं की हा ट्रेव्हर स्लॅटरी नावाचा दारुडा नाटकवाला आहे. भाड्यानं आणलेला. मागं बसून दोऱ्या ओढणारा किलियन.

पटकथाकार म्हणून सांगतो, हा प्रसंग लिहायला हिंमत लागते. वेळ साधलीय, नट तयारीचा आहे, हसू येतं. आणि नीट पाहिलं तर शत्रूचं बुजगावणं उभं करून लोकांना घाबरवणाऱ्यांचीच ही टवाळी आहे. म्हणजे १९६४ च्या त्या चित्राला दिलेलं उत्तरच. कागदावर हे फार हुशार आहे.

आता आपल्या गावच्या भाषेत बोलू. खासबागेत शाहू महाराजांनी मैदान बांधलं, तेव्हापासून एक गोष्ट प्रेक्षकाला कुणी शिकवावी लागली नाही: कुस्ती बघायची म्हणजे जोड बघायची. एकटा पैलवान कितीही तगडा असला तरी तो नुसता तालमीत शोभतो. त्याच्यासमोर कोण उभा राहणार, दोघांचं आधीचं काय आहे, कुणाचा कुठला डाव कुणाला लागतो, यावर गर्दी जमते. भित्तिपत्रकावर जोड छापली की तो शब्द झाला. आणि निकाली म्हणून लावलेली कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली, निघाली तर मैदानात काय होतं, ते तुला सांगायला नको. हरल्याचा राग येत नाही. आपला पैलवान चीतपट झाला तरी माणूस चर्चा करत घरी जातो. फसवल्याचा राग येतो.

‘आयर्न मॅन ३’मध्ये नेमकं हेच झालं. २००८ च्या पहिल्याच सिनेमात टोनीला पकडणाऱ्या टोळीचं नाव ‘टेन रिंग्ज’ ठेवलं. कॉमिक वाचणाऱ्याला तेवढी खूण पुरे. पाच वर्षं तो वाट बघत बसला. मग पोस्टरवर मंडारिन, ट्रेलरमध्ये मंडारिनचा आवाज. जोड जाहीर झाली. मैदानात मात्र दुसराच उतरला. बरं, त्या दुसऱ्याचं वैर खोटं होतं का? अजिबात नाही. १९९९ चा शेवटचा दिवस, स्वित्झर्लंडमधलं बर्न शहर. लंगडत, अजिजीनं बोलायला आलेल्या किलियनला टोनी गच्चीवर थांब म्हणून सांगतो आणि साफ विसरून जातो. तो बिचारा नववर्षाच्या रात्री थंडीत एकटा उभा. एवढ्या क्षुल्लक अपमानातून अख्खा राक्षस तयार होतो, आणि तयार करणारा टोनी स्वतः असतो. टोनी स्टार्कच्या स्वभावाला इतका फिट बसणारा वैरी कॉमिकनंही क्वचित दिलाय. चूक एवढीच की वैर दिलं किलियनला आणि पोस्टर दिलं मंडारिनला. दोघांपैकी एकालाच दोन्ही दिलं असतं तर आज तू मला हे लिहिलं नसतंस.

म्हणून ‘खलनायक बदलला’ असं मोघम बोलू नकोस. खलनायकात काय काय असतं ते सुटं करून बघ. एक त्याचा वेश, यात चेहरा, नाव, वंश, अंगठ्या सगळं आलं. दुसरा त्याचा डाव, म्हणजे त्याला काय पाहिजे आणि तो ते कसं मिळवणार. आणि तिसरं त्याचं वैर, ते याच नायकाशी का, दुसऱ्या कुणाशी का नाही. वेश बदला, लोक चार दिवस कुरकुरतात आणि गप्प बसतात. डाव बदला, थॅनोससारखं चालून जातं. वैराला हात लावला की गडी बिथरतो, आणि तो बरोबर असतो.

याचा पडताळा पुढं तिथंच मिळाला. २०१४ मध्ये हे सिनेमे काढणाऱ्या मार्व्हलनं एक छोटा सिनेमा काढून खरा मंडारिन अजून कुठंतरी आहे असं सुचवलं. चाहत्यांच्या रागावर टाकलेलं ते पाणीच होतं. मग २०२१ मध्ये ‘शांग-ची’ आला. तिथला वेन्वू बघ. मिशा नाहीत, झगा नाही, बोटातल्या अंगठ्या जाऊन हातात कडी आली, आयर्न मॅनशी गाठसुद्धा पडत नाही. मंडारिन या नावाची तर तो जेवणाच्या टेबलावर थट्टा करतो. कॉमिकपासून ट्रेव्हरइतकाच लांब. तरी टोनी लिअंगला बघून कुणी म्हटलं नाही की वाटोळं केलं. कारण त्याला एक वैर दिलं होतं, तेही पोटच्या पोराशी, शांग-चीशी. यात एक आतली भानगड आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. कॉमिकमध्ये १९७३ मध्ये शांग-ची जन्मला तेव्हा त्याचा बाप होता फू मांचू, सॅक्स रोमरच्या जुन्या कादंबऱ्यांतला, हक्क भाड्यानं घेऊन आणलेला खलनायक. पुढं ते हक्क मार्व्हलकडं राहिले नाहीत, आणि पात्रही असं की आज कुणी शिवणार नाही. सिनेमावाल्यांनी त्या रिकाम्या झालेल्या बापाच्या जागी मंडारिनच्या कथेतली ताकद आणून बसवली. दोन जुनी बुजगावणी मोडून एक माणूस उभा केला. याला मी रूपांतर म्हणतो.

बॅटमॅनचा वैरी बेन, त्याचं उदाहरण याहून बोलकं, कारण एकाच माणसाला सिनेमानं दोनदा हात घातला. १९९३ मध्ये तो कॉमिकमध्ये आला, चक डिक्सन, डग मेंच आणि ग्रॅहम नोलन यांनी घडवलेला. बापाची शिक्षा भोगायला जन्मापासून तुरुंगात, तिथंच वाचून वाचून शहाणा झालेला. बॅटमॅनला तो थेट भिडत नाही. आधी वेड्यांच्या तुरुंगातले सगळे गुन्हेगार मोकळे सोडतो, बॅटमॅनला रात्रंदिवस पळवून दमवतो, आणि मग त्याच्याच घरात जाऊन त्याचा कणा मोडतो. १९९७ च्या सिनेमात हा बुद्धिमान माणूस पॉयझन आयव्ही या खलनायिकेच्या मागं गुरगुरत फिरणारा हमाल झाला. कातडं, मुखवटा, नळ्या, सगळा वेश कॉमिकसारखाच होता बरं का! २०१२ मध्ये दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलननं वेश पार उलटा केला, ताकदीचं औषध काढून वेदना दाबणारा वायू दिला, आवाज असा दिला की आधी दाखवलेला तुकडा बघून लोकांनी ओरड केली, काही कळत नाही म्हणून, आणि मग ध्वनिमुद्रणात तो आवाज वर आणावा लागला. तरी कणा मोडण्याचा प्रसंग राहिला आणि त्यामागचं डोकंही राहिलं. लोकांनी तो बेन आपला मानला. फक्त शेवट बघ. खरी सूत्रधार तालिया नावाची दुसरीच बाई निघते, आणि बेनला एका गोळ्यात, एका वाक्याच्या आत उडवून टाकतात. आजही कुरकुर ऐकू येते ती तेवढ्याच जागेवर येते.

आता आमच्या बाजूची रडगाणी थोडक्यात ऐक, म्हणजे बदल कुठून येतात ते कळेल. मुखवटा ही पहिली डोकेदुखी. पानावर मुखवटा बोलतो, कारण तू चौकटीवर हवा तेवढा वेळ थांबतोस आणि भाव स्वतःच भरतोस. पडद्यावर क्लोजअप अडीच सेकंदांचा. स्टोरीबोर्ड काढताना मुखवटेवाल्याच्या प्रत्येक प्रतिक्रियेला मला मान वळवावी लागते, खांदा हलवावा लागतो, उजेड तरी बदलावा लागतो. त्यात नटाचं मानधन मोठं असेल तर त्याचा चेहरा झाकायला निर्माता राजी नसतो. दुसरं वेळेचं. नायकाचा आणि खलनायकाचा उगम एकाच अपघातातून काढला की पंधरा-वीस मिनिटं वाचतात, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. खेळण्यांचं तर विचारूच नकोस. ‘आयर्न मॅन ३’च्या आधीच्या मसुद्यात खलनायक बाई होती, आणि तिचं खेळणं खपणार नाही म्हणून तो बेत बदलायला लावला, हे दिग्दर्शक शेन ब्लॅकनं स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलंय.

पण सगळ्यात खोल कारण वेगळंच आहे. कॉमिकचा खलनायक परत येण्यासाठी घडवलेला असतो, सिनेमाचा संपण्यासाठी. जोकरचं बघ. १९४० चा ‘बॅटमॅन’चा पहिला अंक. त्यात जोकर अंकाच्या शेवटी स्वतःच्याच सुऱ्यानं मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थनं ते पाहिलं आणि म्हणाला, असला खलनायक मारायचा नसतो. मग घाईघाईनं शेवटी एक चौकट घुसडली, तो जिवंत आहे असं सांगणारी. त्या एका चौकटीवर तो आजवर जगतोय. दर महिन्याला थोडं थोडं वैर साठत गेलं. १९८९ च्या सिनेमाला दोन तासांत तेवढंच वैर पैदा करायचं होतं, म्हणून त्यांनी बॅटमॅनच्या आईबापाचा खूनच जोकरच्या हातून करवला आणि शेवटी त्याला इमारतीवरून खाली टाकला. कॉमिकमध्ये तो खून जो चिल नावाच्या भुरट्यानं केलेला. मला तो बदल आवडत नाही. भुरट्यानं, काही कारण नसताना मारलं, यातच बॅटमॅनचं सगळं दुखणं आहे. पण लेखकाला काय अडलं होतं ते मला कळतं.

आणि हे सगळं परदेशातलं खूळ आहे असं समजू नकोस. कीचक घे. खाडिलकरांनी १९०७ मध्ये त्याच्यावर नाटक लिहिलं. कथा विराटपर्वातलीच, पण बघणाऱ्याला कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदीत आपला देश. इंग्रजांनाही तो दिसला, म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. एका शब्दानं कर्झनचं नाव न घेता खलनायक अख्खा बदलला होता. मग १९२० मध्ये बाबूराव पेंटरांनी आपल्या कोल्हापुरातून ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्याकडं संवाद नव्हते, मूकपट. चित्रकाराचा हात, त्यामुळं भीमानं केलेला कीचकाचा वध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. एकाच खलनायकाची दोन रूपं, तेरा वर्षांच्या अंतरानं. एकात त्याचा अर्थ फुगवला, दुसऱ्यात त्याचं मरण. प्रेक्षक दोन्हीकडं तुटून पडले, कारण मधली गाठ दोघांनीही सोडली नव्हती: द्रौपदीला हात लागलाय, भीम जवळच आहे, आणि अज्ञातवासामुळं त्याला आपण कोण ते सांगता येत नाही. ही गाठ तेवढी राख, मग कीचकाला हवा तो पोशाख घाल.

मला स्वतःला एकदा असंच काम आलं होतं. गावाकडची गोष्ट, तिच्यातला सावकार काढून बिल्डर टाका, असं निर्मात्याचं म्हणणं. आजच्या पोरांना सावकार कळत नाही म्हणे. कळत नाही हे मला पटलं नाही, पण पैसे त्याचे. अडचण कपड्यांची नव्हती. मूळ गोष्टीतला सावकार शेतकऱ्याच्या पोरीच्या लग्नात पहिल्या पंगतीला जेवलेला असतो, आणि त्याच हातानं पुढं वहीत अंगठा घेतो. बिल्डर कुठला पंगतीला येतोय, त्याचा वकील येतो. मी बिल्डर ठेवला, पण त्याला त्याच गावचा केला, त्याच शाळेतला, शेतकऱ्याच्या घरच्या भाकरीवर वाढलेला. निर्मात्याला त्याचा बिल्डर मिळाला आणि मला माझी पंगत.

राहिला तुझा डूम. तो १९६२ मध्ये आला, ‘फँटॅस्टिक फोर’ या चार नायकांच्या कॉमिकच्या पाचव्या अंकात. त्याचं वैर मला सगळ्या कॉमिकवैरांत सरस वाटतं, कारण ते इतकं कोतं आहे. कॉलेजात असताना तो परलोकाशी संपर्क साधायचं यंत्र बांधत असतो. त्या चौघांतला रीड रिचर्ड्स त्याच्या खोलीत येतो, कागद बघतो आणि सांगतो, तुझा हिशेब चुकलाय. हा ऐकत नाही, यंत्र फुटतं, चेहरा जातो, आणि दोष रीडचा! चिलखत तो नंतर घडवून घेतो, मुखवटा नीट थंड व्हायची वाटही न बघता तोंडावर चढवतो. म्हणजे अपघातानं त्याला काहीही दिलं नाही. जे आहे ते जिद्दीचं आणि जळफळाटाचं. २००५ च्या सिनेमानं त्याला उद्योगपती केला आणि चौघांच्याच अपघातातून शक्ती दिली. २०१५ च्या सिनेमातही तेच, परक्या मितीतल्या अपघातातून शक्ती. ते आधी त्याला संगणकावर ब्लॉग लिहिणारा करणार आहेत असं नटाच्या मुलाखतीतून बाहेर आलं तेव्हा तर शिमगाच झाला. पण ब्लॉगवर सगळे तुटून पडले आणि अपघाताकडं कुणी बघितलं नाही. खरी वाट तिथं लागली होती: फुकट मिळालेल्या शक्तीचा डूम हा डूम नाही.

२०२४ च्या जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-मेळ्यात रॉबर्ट डाउनी ज्युनियरनं, म्हणजे सिनेमातल्या टोनी स्टार्कनंच, हिरवा अंगरखा घालून, मुखवटा काढून, आता आपण डूम असं जाहीर केलं, तेव्हापासून तुम्ही पोरं त्या चेहऱ्यावरून भांडताय. टोनी स्टार्कचाच चेहरा कसा काय, वगैरे. तो वेश आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मी थिएटरात एकच गोष्ट बघायला बसणार: रीडनं चूक दाखवली होती, हे डूमच्या पोटात सलतंय की नाही. तुला मिळालं तर १९६४ चं ‘फँटॅस्टिक फोर’चं दुसरं ॲन्युअल आधी वाचून घे. तो हिशेबाच्या कागदाचा प्रसंग तिथं आहे, आणि त्यातल्या चौकटी काढून बघायलाही तुला उपयोगी पडतील.